खुणेखालून गेलेले गाडे

तेवीस डिसेंबरला संध्याकाळी साडेसहा वाजता नाताळच्या मिरवणुकीचा गाडा गावच्या चौकाच्या अलीकडे थांबला. ट्रॅक्टर सुरू होता. ढोलकी थांबली, मग झांजा थांबल्या. चौकात विजेची तार रस्ता ओलांडते. गाड्यावरच्या चांदणीचे वरचे टोक त्या तारेच्या बरोबरीला आले होते.

मित्रांनो, त्या वेळी मी त्या तारेखाली उभा होतो. म्हणून पुढे जे सांगतो ते ऐकीव नाही.

मी एक जुना कळक आहे. कळक म्हणजे बांबू. माझे अंग चौकातल्या भिमाजींच्या वडिलांच्या, ओढ्याकाठच्या कळकाच्या बेटातले आणि डोके बाभळीचे. बाभळीची दोन फाट्यांची फांदी तासून माझ्या टोकाला तारेने घट्ट बांधली आहे. फाट्यांवर सायकलच्या ट्यूबचे रबर चढवले आहे आणि बुडाला लोखंडी कडे आहे. गावात मला बेळके म्हणतात. आमचे गाव कोल्हारहून श्रीरामपूरकडे जाताना लागते. मोठे नाही, पण वर्षभरात मिरवणुका बऱ्याच निघतात. गणपती, देवीची यात्रा, जयंत्या, नाताळ, आणि मध्येच एखादा निवडून आलेला.

माझे काम सोपे होते. मिरवणुकीच्या पुढे चालायचे. टेलिफोनची किंवा केबलची तार खाली लोंबत असेल तर ती बेचक्यात धरून वर उचलायची. गाडा खालून गेला की तार अलगद सोडायची. विजेच्या तारेला मात्र शिवायचे नाही. हा नियम मोझेस मकासरेंच्या वडिलांनी घालून दिला. मला घडवले त्यांनीच. ते कारखान्यात फिटर होते आणि चर्चच्या आवारातल्या खोलीत राहत. मी त्यांच्याकडेच राहिलो, पण फक्त त्यांचा नव्हतो. मिरवणूक कोणाचीही असो, आदल्या दिवशी कोणीतरी आवारात यायचे आणि म्हणायचे, "बेळकं द्या." बहुतेक वेळा सोबत मोझेसही जायचे, कारण मला उभे धरून गर्दीतून चालणे सगळ्यांना जमत नाही. मी लांब आहे आणि वाऱ्याने डुलतो.

विजेच्या तारेला शिवायचे नाही, तर गाडा तिच्याखालून जाईल की नाही हे आधी कसे कळणार? त्यासाठी मोझेसच्या वडिलांनी माझ्या अंगावर एक खूण केली. चौकातली तार सगळ्यांत खाली होती. वीज कंपनीच्या माणसाला बोलावून, लाइट बंद करून, त्यांनी मला तिच्याखाली उभे केले. तार जिथे आली तिथून दीड हात खाली तापलेल्या लोखंडाने माझ्यावर एक काळी रेघ उमटवली. गाडा या रेघेच्या खाली राहिला तर तारेला लागणार नाही, आणि वर दीड हात मोकळा राहील.

तेव्हापासून कोणीही गाडा सजवला की मला शेजारी उभे करून बघत. कमान रेघेच्या वर गेली तर कापत. गावात ते बोलण्यातच आले. सरपंचांनी विचारले, "गाडा केवढा केलाय?" की उत्तर ठरलेले, "खुणेखाली हाय." पुढे कोणी काही विचारत नसे.

माझी ती वर्षे चांगली गेली. एका गणपतीत नाकातोंडात गुलाल भरून मी गुलाबी झालो होतो, आणि नाताळपर्यंत तो रंग गेला नाही. नाताळात पोरे म्हणाली, बेळके अजून गणपतीतच आहे. एकदा यात्रेच्या छबिन्यात, म्हणजे देवीच्या मिरवणुकीत, केबलची तार अचानक सुटून घोड्याच्या गळ्यात पडणार होती, ती मी वरच्या वर झेलली. त्या वर्षी भिमाजींनी मला नारळ फोडला. देवापुढे फोडतात तसा रीतसर, टिळा लावून. मोझेसना मात्र त्यांनी चहावर भागवले.

आता परवानगीचे सांगतो, कारण आमच्या धंद्यात सगळे तिच्यावर असते.

पूर्वी मिरवणुकीची वर्दी पोलीस पाटलांना दिली की झाले. मग ठाण्यात अर्ज द्यावा लागू लागला. मग अर्जात मार्ग लिहायचा आला. कुठून निघणार, कुठून जाणार, कुठे संपणार. मग ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी आली आणि रात्री दहाला आवाज बंद झाला. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आला. स्वयंसेवक नेमायचे, रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवायची, रुग्णवाहिका आली तर गाडा कडेला घ्यायचा, या अटी आल्या. लोक कुरकुरले. मी कुरकुरलो नाही. गर्दीच्या पुढे चालणाऱ्याला मागची गर्दी दिसत नसते, पण तिचा रेटा कळतो. अटी कुठून येतात ते मला ठाऊक आहे. दर अटीच्या मागे कुठल्यातरी गावात काहीतरी झालेले असते.

त्यात एक गोष्ट मात्र गावाने नीट ओळखली होती. परवानगी सहज मिळते ती पारंपरिक मार्गाला. अर्जात 'दरवर्षीप्रमाणे' असे लिहिता आले की निम्मे काम झाले. नवा मार्ग मागितला की दहा प्रश्न येतात. आणि जुना मार्ग एकदा सुटला की तोच नवा होऊन बसतो. शेजारच्या गावात गटारीसाठी पेठ खणली होती, म्हणून एका वर्षी मिरवणूक बाहेरच्या रस्त्याने नेली. पुढच्या वर्षी पेठेचा मार्ग मागितला तर विचारणा झाली की गेल्या वर्षी तर बाहेरून गेला होता, मग आता आत कशाला? त्या गावची मिरवणूक अजून उसाच्या फडांमधून जाते. बघायला उभे असतात ते बैल.

नंतर मिरवणुकीत काठ्या, बांबू बाळगायला बंदी आली. तारांना हात लावायचा तर वीज कंपनीच्या माणसानेच, असेही ठरले. केबलही हळूहळू गेली, लोकांच्या हातात मोबाईल आले. मला चर्चच्या मागच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवे ठेवले. वर्षभर माझ्यावर होले-पारवे बसायचे. चिंचा पाडायला, बोरे झोडायला आणि संक्रांतीला पतंग काढायला माझा उपयोग झाला. एक काम तेवढे राहिले. गाडा सजला की मला खाली काढत, शेजारी उभे करत, रेघ बघत आणि परत खिळ्यांवर ठेवत. तारेखाली मी बरीच वर्षे गेलो नव्हतो.

यंदाचा अर्ज साराने केला. सारा शाळेत शिक्षिका आहे आणि चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाची सचिव आहे. मोझेस तिचे सख्खे मामा नव्हेत, पण गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. परवानगी मिळाली. त्यात एक नवी अट होती. मिरवणुकीच्या आधी पोलीस, वीज कंपनी आणि आयोजक यांनी मार्ग मिळून पाहायचा. मार्गावरच्या तारांपासून गाडा पुरेसा खाली आहे याची खात्री करायची, आणि मिरवणूक जाईपर्यंत त्या भागातली लाइट बंद ठेवायची.

पाहणी झाली. ठाण्यातून फौजदार रुपाली मॅडम आल्या. वायरमन गोरक्षनाथ आले. सगळे चर्चपासून चौकापर्यंत आणि पुढे वेशीपर्यंत माना वर करून चालले. तारा जिथे होत्या तिथेच होत्या.

"गाड्याची उंची?" मॅडमनी विचारले.

"खुणेखाली आहे," सारा म्हणाली.

मॅडमनी गोरक्षनाथांकडे पाहिले.

"आमच्या गावाकडंबी म्हाईत हाय मॅडम," गोरक्षनाथ म्हणाले. "ह्यांची खूण पक्की हाय. आजवर कदी लागलं न्हाई."

हे खरे होते. सगळे परत वर बघत निघून गेले. पायाखाली कोणी पाहिले नाही. पायाखाली नवा काँक्रीटचा रस्ता होता. दिवाळीनंतर तो झाला होता, आणि कडेला ओली पोती अजून पडलेली होती.

आता पुन्हा तेवीस डिसेंबर.

चांदणी यंदा मोझेसमामांनी नवी केली होती. लोखंडी पट्ट्यांची, आतून दिवे लावलेली. माझ्याशी मोजूनच त्यांनी ती ट्रॉलीवर बसवली होती. टोक रेघेला बोटभर कमी. गाडा निघाला तसा मामांनी सवयीने मला खिळ्यांवरून काढले आणि पुढे चालू लागले. फाटकातच रुपाली मॅडमनी अडवले.

"ही काठी कशाला?"

"काठी न्हाई मॅडम, बेळकं हाय."

"बांबू आहे ना?"

"बांबू हाय, पन गावचा हाय."

मॅडम हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. "तारांचं काम वायरमनचं. त्यांच्याकडे द्या. तुम्ही मोकळ्या हाताने चाला."

मामांनी मला गोरक्षनाथांच्या हातात दिले. मग थोडा वेळ हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले.

लाइट बंद झाली. गाड्यावरचे दिवे जनित्रावर होते, त्यामुळे अंधाऱ्या पेठेत चांदणी लांबून दिसत होती. पुढे पांढरे झगे घातलेली मुले, मागे भजन. चौकाच्या अलीकडे साराने हात वर केला. तिला मागून चांदणी आणि तार एका रेषेत दिसली.

"थांबवा. मामा, हे बघा."

"खुणेखाली हाय गं," मामा चालत चालतच म्हणाले. मग त्यांनी वर पाहिले आणि ते थांबले. "गोरक्ष, उभं कर बरं खाली."

लाइट बंद असल्याची गोरक्षनाथांनी फोन करून पुन्हा खात्री केली आणि मला तारेखाली उभे केले. बऱ्याच वर्षांनी मी तिथे उभा राहिलो. माझे बेचके तारेच्या वर निघून गेले. तार खाली खाली घसरत माझ्या काळ्या रेघेवर येऊन टेकली. जो दीड हात मोकळा असायला हवा होता तो नव्हता.

"तार खाली आली," मामा म्हणाले.

चौकात भिमाजींचे हार्डवेअरचे दुकान आहे. ते ओट्यावर बसून मिरवणूक बघत होते. "तार कशाला खाली येईल?" ते बसल्याबसल्या म्हणाले. "माझ्या दुकानाला चार पायऱ्या हुत्या. आता एक ऱ्हायली. पावसाचं पानी कसं आत येतं म्हनून मी पंचायतीशी भांडतोय अन् तुमी तार बघताय."

सगळ्यांनी पायऱ्यांकडे पाहिले. नंतर रस्त्याकडे पाहिले. आधी मुरूम, मग डांबर, डांबरावर डांबर आणि आता काँक्रीट. रस्ता थराथराने वर आला होता, विजेचे खांब जिथे होते तिथेच राहिले होते. पेठेतल्या प्रत्येकाला आपापली बुडालेली पायरी माहीत होती. गणपतीत झेंड्याची काठी तारेला घासली तेव्हा काठीच जास्त लांब घेतलीय असे भिमाजी म्हणाले होते. आणि माझी रेघ, मित्रांनो, चर्चच्या आवारात मोजली जात होती. आवारातल्या जमिनीवर डांबर कधी पडलेच नाही.

"लाइट बंदच हाय," मामा म्हणाले. "बेळक्यानं उचलतो. दोन मिन्टाचं काम."

"नाही," रुपाली मॅडम म्हणाल्या.

"चाळीस वर्सं तारा उचलल्या मॅडम."

"चाळीस वर्षं तुम्ही केबल उचलली. ही केबल नाही."

गोरक्षनाथ मला घट्ट धरून उभे होते. "मामा, लई जुनी तार हाय ही. जोड हाय तिथं, दिसतोय का? उचलली अन् सुटला, तर खाली कोन हाय ते बघा."

खाली पांढऱ्या झग्यातली मुले होती. त्यातल्या दोघी रस्त्यावरच बसून शेंगा खात होत्या. मामांनी पाहिले आणि तो विषय सोडला.

"दोनच गोष्टी," मॅडम म्हणाल्या. "चांदणी उतरवा, नाहीतर इथून वळवून बाहेरच्या रस्त्याने न्या. मार्ग बदलायचा तर तसं आत्ता लेखी द्यावं लागेल. फार वेळ लाइट बंद ठेवता येणार नाही."

"बाहेरून गेलो तर पुढच्या वर्षी पेठेतून परवानगी मिळेल?" साराने विचारले.

"मिळणार नाही असं मी म्हणत नाही. पण विचारतील. आणि पुढच्या वर्षी मी इथे असेनच असं नाही."

मागून लोक विचारू लागले, काय झाले, का थांबलो. कोणीतरी म्हणाले, वळवा बाहेरून, प्रभूला सगळे रस्ते सारखे. कोणीतरी म्हणाले, प्रभूला असतील, ठाण्याला नाहीत.

"चांदणी उतरवू," सारा म्हणाली.

मामा तिच्याकडे वळले. "चांदनीबिगर गाडा? पेठेतून? लोक काय म्हनतील, ट्रॉली चालली वीट आनायला?"

"मामा, चांदणी पुढच्या वर्षी परत चढवता येईल. रस्ता नाही येणार."

"आन् आज? अंधारात कुठं टाकायची तिला?"

"माझ्या दुकानात टाक," भिमाजी ओट्यावरून म्हणाले. "गनपतीला वापरू."

"गनपतीला चांदनी?"

"का, त्याला काय उजेड नको?" भिमाजी उठले, दुकानात गेले आणि हातात पाना घेऊन बाहेर आले. "चढ वर. नट कितीचे हायेत?"

दोघेही ट्रॉलीवर चढले. दोघांचीही वये चढण्याची राहिलेली नाहीत. खालून बॅटऱ्या धरल्या होत्या. एक नट फिरेना, तेव्हा भिमाजी म्हणाले, "मोझेस, हे तू बसवलंय का पुरलंय?" मामा म्हणाले, "बापानं शिकवलंय, सुटू नये म्हनून बसवायचं. तुझ्यासारखं न्हाई, गिऱ्हाईक परत यावं म्हनून." वर दोघे हसले. खाली मुले हसली. नट फिरला.

चांदणी उतरली. ती जड होती आणि तिच्या पट्ट्यांना धार होती, त्यामुळे हातात धरून चालणे शक्य नव्हते. तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिले. मला आडवे केले, चांदणी माझ्या मधोमध दोरीने टांगली, आणि माझे एक टोक मामांच्या खांद्यावर आले, दुसरे भिमाजींच्या. जनित्राची वायर चांदणीला जोडलेलीच होती, ती एकाने मागून सांभाळली.

रुपाली मॅडमनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. "आता हा बांबू कशात मोडतो?"

"गाड्यात," सारा म्हणाली.

मॅडमनी शिट्टी वाजवली आणि पुढे जायची खूण केली.

तारा उचलण्यासाठी मला घडवले होते. त्या संध्याकाळी मी चांदणी घेऊन तारेच्या खालून गेलो, माणसांच्या खांद्यांवरून. पेठेतल्या लोकांना ती एरवी मान वर करून बघावी लागायची. यंदा ओट्यावर बसलेल्यांच्या तोंडावर तिचा उजेड पडत होता. दोघांची उंची सारखी नाही, म्हणून चांदणी सगळी वाट भिमाजींच्या बाजूला घसरत होती आणि ते मामांना गुडघे वाकवून चालायला सांगत होते. मिरवणूक ठरलेल्या मार्गाने गेली, वेळेत संपली. लाइट आली. परवानगीतल्या मार्गात बदल झाला नाही.

इथपर्यंतचे सरळ आहे. पुढचे अजून चालू आहे.

रुपाली मॅडमनी ठाण्यात अहवाल दिला की चौकातली तार रस्त्यापासून पुरेशा उंचीवर नाही, आणि ती वर घेतल्याशिवाय कोणत्याही उंच गाड्याला तिथून परवानगी देऊ नये. अहवाल बरोबर आहे. तारेखालून ऊस भरलेल्या ट्रॉल्याही जातात. पंचायतीने वीज कंपनीला पत्र दिले. तिकडून सांगण्यात आले की तार आमच्या जागेवर आहे, रस्ता ज्यांनी उचलला त्यांना विचारा. ज्यांनी रस्ता केला त्यांनी सांगितले की रस्ता मंजुरीप्रमाणे आहे, तारा आमच्याकडे येत नाहीत. देवीची यात्रा चैत्रात आहे. भिमाजींनी छबिन्याचा अर्ज दिला आहे, पारंपरिक मार्ग, दरवर्षीप्रमाणे. त्यावर निर्णय झालेला नाही. छबिन्याचा गाडा खांद्यावर घेता येत नाही, हे भिमाजी आता दिसेल त्याला सांगतात.

मित्रांनो, म्हाताऱ्या कळकाचे एक मागणे आहे. माझ्यावर विश्वास ठेवलात याचा मला आनंद आहे, पण रेघ एकदा मारली म्हणून कायमची खरी राहत नाही. अंगणात मोजून निघू नका. गाडा जिथून जाणार तिथे, लाइट बंद करून, वायरमनच्या हाती मला उभे करा. दर वेळी करा. वर बघालच, पण खालीही बघा.

आज दुपारी मोझेसमामांनी मला खिळ्यांवरून काढले. नवी रेघ मारायची म्हणून त्यांनी अंगणातल्या चुलीत लोखंड तापत घातले. सारा शाळेतून आली होती. भिमाजी पायरीवर बसले होते.

"तार वर जानार असंल तर रेघ हितंच ठिवू," मामा म्हणाले. "न्हाई जानार तर खाली घ्यावी लागंल. कुठं मारू?"

साराने वीज कंपनीच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडून सांगितले की साहेब साइटवर गेले आहेत, पाहणी झाली की कळवू. पाहणी कधी, ते त्यांना माहीत नव्हते.

मामांनी लाल झालेले लोखंड बाहेर काढले होते. ते काळे पडेपर्यंत तिघे त्याच्याकडे बघत राहिले. मग मामांनी ते परत चुलीत घातले. ते अजून तिथेच आहे.